माझा नसलेला पाय

मित्रांनो, काचेच्या झाकणाखाली टाचणीने टोचलेला हा काळसर भुंगेरा म्हणजे मी. शेणाच्या गोळ्यात जन्मलो म्हणून नाक मुरडू नका. आईने तो गोळा जमिनीत खोल पुरला होता. माझं घर तेच आणि जेवणही तेच. मोठा झाल्यावर डोक्यावर छोटं शिंग आलं. दुसरा नर बिळाशी आला की मी त्याला शिंगाने मागे रेटायचो. एकदा दिव्याला भुललो, पकडला गेलो आणि संग्रहालयात पोहोचलो.

माझ्या प्रजातीची मादी शास्त्रज्ञांना ठाऊक होती. नर कसा दिसतो, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. म्हणून मी ‘अनोळखी’ भुंगेऱ्यांच्या खणात वर्षानुवर्षं पडून राहिलो. एकदा तो खण कुणाच्या तरी हातून निसटला आणि माझे पुढचे दोन्ही पाय मोडले. कपाटं सांभाळणाऱ्या काकांना वाईट वाटलं. खणाच्या तळाशी सापडलेला एक पाय त्यांनी मायेने मला डिंकाने चिकटवला. तो माझा नव्हता, शेजारच्या थोराड भुंगेऱ्याचा होता. पण माझं तोंड मिटलेलं.

पुढे संशोधक ताईंनी मला उचललं आणि मादीशेजारी ठेवलं. पाठीवरच्या रेघा जुळल्या, पोटाची पिवळी लव जुळली. मग त्यांची नजर त्या पायावर अडली.

त्यांचे वरिष्ठ, सर, मागून डोकावले. “एवढी लांब, वाकडी नडगी! अगं, ही नवीच प्रजाती आहे.”

“बाकी सगळं या मादीसारखं आहे, सर.”

“आणि पाय काय भाड्याने आणलाय त्याने? उद्या लेख जायचाय. नवी म्हणून लिही आणि मोकळी हो.”

तसं छापलं गेलं असतं, तर मी आपल्यांतून कायमचा तुटलो असतो. कधीच नसलेला प्राणी लोक शोधत बसले असते.

“सांधे सैल करून खालून बघते,” ताई म्हणाल्या.

“एकुलता एक नमुना आहे. मोडलास तर दाखवशील काय?”

ताईंनी मला ओल्या कापसाच्या डबीत ठेवलं. सांधे सैलावले, डिंकही सैलावला. चिमटा टेकताच पाय गळून पडला.

ताईंचा हात तिथेच थांबला. “मोडला, सर.”

“सांगत होतो मी.”

ताईंनी तो पाय भिंगाखाली धरला, मग मला. पुन्हा पाय, पुन्हा मला. माझ्या मोडक्या मांडीचा खुंट डिंकाखालून उघडा पडला होता.

“सर, इकडे या. गळलेल्या पायाला अख्खी मांडी आहे. यालाही मांडीचा तुकडा आहे. एका पायाला दोन मांड्या?”

सरांनी वाकून पाहिलं. “म्हणजे आपली नवी प्रजाती डिंकाने केलेली.”

“हो. पण नर सापडला.”

“पुढच्या पायांचं काय लिहिणार?”

ताईंनी लिहिलं, ‘पुढचे पाय मोडलेले, कसे होते, माहीत नाही.’

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, धूळ झटका, वाळवी लागू देऊ नका. पण कीव आली म्हणून माझ्या रिकाम्या जागी काही चिकटवू नका. कधी तुम्हाला माझ्यासारखा जिवंत नर चालताना दिसला, तर त्याचे पाय नीट बघा आणि ते वाक्य पुरं करा. तोवर मी इथे आहे, दोन पाय कमी, पण माझ्याच मंडळींत.