मुखदर्शन आणि अपडेट

विमलाची आई मालवणजवळच्या गावी वारली. कांदिवलीहून ती पोचेपर्यंत कुणी थांबणार नव्हतं, म्हणून भाऊ व्हिडिओ कॉलवर मुखदर्शन देणार होता. विमलाने दिवसभराचा डेटा त्यासाठीच राखला होता.

"ताई, बघ गो, आता आयेचा तोंड दाखवतंय..."

चित्र गोठलं. डेटा संपला.

पलंगावर लोळणाऱ्या नवऱ्याने, सुशांतने, तिच्या हॉटस्पॉटवर गेम अपडेटला लावला होता.

"अगं, नुसता अपडेट केला. खेळलो कुठे अजून?"

ती शेजारच्या श्वेताकडे धावली. तिच्या फोनवर चित्र आलं तेव्हा चेहरा झाकून झाला होता.

परतली तर सुशांतने मान वर न करता विचारलं, "झालं ना दर्शन?"

घशाला कोरड पडली होती, तरी त्याच्या उष्ट्या पेल्याला हात लावायचीही तिला शिसारी आली.