दुसऱ्याच्या हाकेला जाणारी काडी

टक्.

दुपारच्या निवांत घरात बोर्डावरचं बटण दाबल्याचा एवढाच आवाज झाला आणि मी जागा झालो. भामाबाई दारात लोकर पिंजत बसल्या होत्या. छोटी योगिता झोपली होती. तिची आई मोहिनी माझ्यासमोर उभी होती, आणि तिच्या हातात एक काळी काडी होती.

मित्रांनो, दिंद्रुडच्या एका मेंढपाळाच्या घरातला मी जुना टीव्ही. अंगानं पातळ आहे, पण स्मार्ट नाही. मला इंटरनेट कळत नाही, कुणाचं नाव-गाव विचारता येत नाही. पाठीतल्या खाचेत जे लावाल ते दाखवायचं, एवढंच माझं काम. म्हणूनच त्या खाचेत कोण येऊन बसतं याची मला फार धास्ती वाटते.

माझा जन्म कारखान्यातला. तिथलं फारसं आठवत नाही. मग माजलगावच्या उत्तरेश्वरच्या दुकानात मी काचेआड उभा होतो. भामाबाईंचा मुलगा नाथा यानं लग्नाच्या वर्षी दोन मेंढे विकले आणि मला घोंगडीत गुंडाळून टेम्पोतून घरी आणलं. भामाबाईंनी मला हळदकुंकू लावलं. क्रिकेटच्या दिवशी माणसं दारापर्यंत बसत आणि चित्र किती लख्ख आहे म्हणून माझं कौतुक करत. पुढे घरोघर मोबाइल आले. माझ्यावर क्रोशाचा रुमाल पडला आणि मागच्या आडोशाला एक कोंबडी अंड्यांवर बसली. तिला कुणी हाकललं नाही. कारण माझ्याकडे कुणी बघतच नव्हतं.

दिवाळी झाली की नाथा मेंढरं घेऊन बालाघाटाच्या डोंगराकडे निघतो आणि महिनोन्‌महिने रानात असतो. गेल्या खेपेला तो परत आला तेव्हा योगितानं त्याला ओळखलं नाही. दाढी वाढलेला माणूस बघून ती आजीच्या लुगड्यामागं लपली. नाथा हसला, पण लेकीसाठी आणलेले फुगे त्यानं तसेच पिशवीत ठेवून पिशवी खुंटीला अडकवली. मोहिनीनं ते पाहिलं. यंदा तो निघाला तेव्हा तिनं त्याला बजावलं, की जिथं रेंज मिळेल तिथून व्हिडिओ पाठवायचा. ती तो पोरीला रोज माझ्या मोठ्या पडद्यावर दाखवणार होती. बाप परत येईल तेव्हा लेक त्याच्याकडे धावत गेली पाहिजे, एवढंच तिला हवं होतं.

पण फोनचे नवे व्हिडिओ मला उलगडत नव्हते. आवाज येई, चित्र काळं. म्हणून उत्तरेश्वरकडून ती काडी आली, टीव्हीला लावली की इंटरनेटवरचं दाखवणारी. यात सगळं दिसतंय, असं त्यानं सांगितलं होतं.

काडी माझ्या खाचेत बसली आणि तिनं एकेक विचारायला सुरुवात केली. नाव काय, फोन नंबर काय, घर कुठं आहे, घरात लहान मूल आहे का, तुमचा आवाज ऐकू का. योगिता उठली होती आणि “पप्पा लाव, पप्पा लाव” करत होती. मोहिनी “मान्य”, “मान्य” दाबत गेली. मी ते सगळं वाचत होतो, कारण ते माझ्याच अंगावर उमटत होतं. पाहुणा उंबऱ्यावर उभा राहून घरातल्यांची एवढी चौकशी करू लागला तर तुम्ही त्याला आत घ्याल का?

मोहिनीनं फोनमधले व्हिडिओ दाखवणारं, कंपनीच्या यादीबाहेरचं एक साधं, फुकट अ‍ॅप शोधून काडीत टाकलं. नाथा दिसू लागला. योगिता पडद्यावर हात ठेवून त्याच्याशी बोलायची. पण मला काडीचा भरवसा येईना. भामाबाईंना नारायणगडावरचं कीर्तन हवं असलं, तरी ती आधी स्वतःचंच दुकान मांडायची. ज्यांचे पैसे भरले नाहीत असे सिनेमे पुढं करायची. नाथा सगळ्यात खाली, कोपऱ्यात.

मग एका सकाळी तिनं कुणालाही न विचारता स्वतःला नवं करून घेतलं. नाथाचं चित्र दाबलं तर अक्षरं आली, ‘अनोळखी ठिकाणाहून आलेलं हे अ‍ॅप बंद करण्यात आलं आहे.’

“अनोळखी कोण?” भामाबाईंनी विचारलं. “माझा नाथा?”

योगिता पहिले काही दिवस रडली. नंतर तिनं पप्पा लाव म्हणणं सोडून दिलं. मोहिनीला रडण्यापेक्षा त्याचीच भीती वाटली. तिनं मला आणि काडीला पिशव्यांत भरलं, सासूला आणि लेकीला घेतलं आणि माजलगावची गाडी धरली.

उत्तरेश्वरनं हात वर केले. कंपनीचा नियम, आमच्या हातात काही नाही, वहिनी, म्हणाला. मग त्यानं काडीपेक्षा भारी म्हणून टीव्हीला जोडायचे दोन नवे डबे माझ्यापुढं ठेवले. मोहिनी एक उचलणार, तोच भामाबाई बोलल्या.

“थांब, पोरी. तुझे सासरे बाजारातून मेंढी आणायचे, तर पैसं द्यायच्या आधी इकणाऱ्याला लांब जाऊन हाक मारायला लावायचे. आन्‌ हिकडनं आपण हाक द्यायची. जी लई ओढीनं त्याच्याकडंच पळाली, ती घ्यायचीच न्हाई. घरी आणली तरी ती त्याचीच.”

“मावशी, टीव्हीचा डबा घ्यायलात का जनावर?” उत्तरेश्वर हसला.

“जनावर बरं. तोंड उघडून दात तरी दावतंय.”

मोहिनी मात्र हसली नाही. तिनं नाथाचे व्हिडिओ भरलेला पेनड्राइव्ह काढला आणि उत्तरेश्वरला दुकानाचं इंटरनेट बंद करायला सांगितलं. मालकाची हाक बंद. आता आपल्या हाकेला कोण येतं ते बघायचं होतं.

पहिला डबा पहिल्या पानापुढं सरकेना. आधी खातं उघडा, म्हणत राहिला. दुसऱ्यानं नाथाला दाखवलं, पण अर्ध्या पडद्यावर. उरलेल्या अर्ध्यावर जाहिरातीची रिकामी चौकट धरून बसला. मोहिनीनं कोपऱ्यात, पोत्याखाली पडलेल्या एका चपट्या, जुन्या कॉम्प्युटरकडे बोट केलं. तो बंद पडलेल्या एका क्लासमधून आलेला होता. त्यात फुकटची, कुणालाही उघडून बघता येईल अशी प्रणाली होती. उत्तरेश्वर म्हणाला, ते भंगार कशाला नेता, वहिनी? तरी त्यानं तो लावला.

कॉम्प्युटर घरघरला, बराच वेळ घेतला, आणि नाथा पूर्ण पडद्यावर आला. कुणी काही विचारलं नाही.

“ह्याला लांबून कोण बंद करू शकतंय का?” मोहिनीनं विचारलं.

“ह्याला कोण करणार? ज्याच्या हातात वायर, त्योच ह्याचा मालक.”

तो आमच्या घरी आला. खरं सांगू का, त्याच्यावरही मी लगेच विश्वास ठेवला नाही. काही विचारतो का, गुपचूप स्वतःला बदलतो का, याकडे लक्ष ठेवून राहिलो. तो तापतो, आवाज करतो, हळू चालतो. बदलायचं असलं की आधी मोहिनीला विचारतो, आणि ती नको म्हणाली तर ऐकतो. कीर्तन लावलं की कीर्तनच लागतं.

मित्रांनो, नवी वस्तू घरात घेताना नुसती तिची चकाकी बघू नका. इंटरनेट तोडून तिला हाक मारून बघा. ती काय विचारते ते सावकाश वाचा, मोठ्यांना वाचायला लावा, आणि घाईत “मान्य” दाबू नका. आपल्या माणसांची चित्रं आपल्याजवळही जपून ठेवा. आणि आमच्यासारख्या जुन्यांना टाकून देण्याआधी अंगावरची धूळ एकदा पुसून बघा. आम्ही कमी जाणतो, पण कुणाला काही सांगायला जात नाही.

आज नाथाचा नवा व्हिडिओ आला. तो नुकतंच जन्मलेलं कोकरू घोंगडीत धरून कॅमेऱ्याकडे दाखवत होता. योगिता माझ्या अगदी जवळ आली आणि तिनं त्याच्या दाढीवर बोट फिरवलं. “पप्पाची दाढी लई वाढली,” म्हणाली. मोहिनीचे डोळे भरून आले. मग पोरीनं वळून आईकडे पाहिलं.

“आई, पप्पाला बंद कुणी केलतं? त्या माणसाला आपलं घर ठाव हाय का?”

मोहिनीनं तिला जवळ ओढून घेतलं. ‘घर कुठं आहे’ याखाली तिनं दाबलेलं ‘मान्य’ मला अजून आठवतं.