बिनविरोध विहीर

त्या रविवारी महारुद्र गप्प बसला असता तर त्याचा फायदाच फायदा होता. गावच्या शेतकरी सोसायटीच्या गाळ्यातलं किराणा दुकान आणखी पाच वर्षं त्याच्याकडं राहिलं असतं, चेअरमनची मर्जी राहिली असती आणि घरी वडलांपुढं, म्हणजे गुंडप्पांपुढं, ताठ मानेनं जेवता आलं असतं. तोटा म्हणाल तर एवढाच, की एका खोट्या राज्यातली खोटी विहीर कुणाची, हे खोटंच ठरलं असतं.

खेळ त्यानंच गावात आणला होता. पुण्यात नोकरीला असताना सुट्टीच्या दिवशी मित्रांच्या खोलीवर तो हा खेळ खेळायचा. त्यात पट नाही, सोंगट्या नाहीत. एकानं गोष्ट चालवायची, बाकीच्यांनी तिच्यातली सोंगं घ्यायची आणि एखादी गोष्ट जमेल का फसेल अशी शंका आली की वीस तोंडांचा फासा टाकायचा. नोकरी गेली, महारुद्र केजजवळच्या आपल्या गावी परतला, आणि लागोपाठ दुसरा दुष्काळ पडल्यावर दुकानात गिऱ्हाइकापेक्षा माश्याच जास्त येऊ लागल्या. मग रविवारी दुपारी शटर अर्धं ओढून पोत्यांवर बैठक बसू लागली.

खेळणारे तीन. सुंदरराव हे सोसायटीचे चेअरमन; खेळात सेनापती. सोंग कुठलंही घेतलं तरी त्याला हुकूम सोडता आला पाहिजे, ही त्यांची अट होती. गहिनीनाथ टँकरचा ड्रायव्हर, खेळात जादूगार. आणि सोसायटीच्या सभासद गीताबाई, खेळात चोर. "जन्मभर इमानानं वागले, त्याचा निकाल बगितला," त्या म्हणाल्या होत्या. "आता चोरी करून बगते."

पहिलं भांडण झालं ते घोड्याच्या पाण्यावरून. वाळवंट ओलांडायला निघाल्यावर सुंदररावांनी हात वर केला. "घोडं दिवसाला पाणी किती पितं ते धर की. खेळ कसा, खऱ्यासारखा पायजे."

महारुद्रनं धरलं. दोन रविवार चौघं नुसतं पाणीच मोजत होते. तिसऱ्या रविवारी घोडी मेली, जादूगार मेला, आणि राक्षसाचं तोंड कुणाला दिसलंच नाही.

गहिनीनाथ उखडला. "आठवडाभर टँकरच्या खेपा करायच्या, अन् रविवारी बसून बी खेपाच? मग मी हितं कशाला येतो?"

तेव्हा महारुद्रनं नियम बदलला: पाणी रोज मोजायचं नाही, पाण्यावरून भांडण लागेल तेव्हाच मोजायचं. जादूगाराला जिता केला. खेळाला पुन्हा रंग चढला. फक्त सुंदरराव कुरकुरले, "सूट लई देतो तू."

त्या रविवारी मंडळी वाळवंटापलीकडच्या एका नगरीत पोचली. नगरीत विहीर एकच. तिच्यावर पंचमंडळ, आणि मंडळाचा प्रमुख सांगेल त्यालाच पाणी. जुना प्रमुख राक्षसानं खाल्लेला.

"आता प्रमुख मी," सुंदरराव मांडी बदलत म्हणाले.

"मी बी उभी हाय," गीताबाई म्हणाल्या.

गावातल्या सोसायटीत मतदान कसं होतं हे महारुद्रनं जन्मात पाहिलं नव्हतं. तिथली रीत ठरलेली: अर्ज भरणारे भरायचे, मग सुंदरराव त्यांना ऑफिसात चहाला बोलवायचे आणि चहा संपेस्तोवर अर्ज माघारी गेलेले असायचे. त्यामुळं महारुद्रनं लढाईचे नियम केले होते, उडण्याचे केले होते, कुलूप तोडण्याचेही केले होते; निवडणुकीचा नियम करायचं त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"नियम न्हाई ना? मग बिनविरोध," सुंदरराव म्हणाले. "खऱ्यात असंच असतंय. खेळ खऱ्यासारखा पायजे."

"राक्षस हवेत उडतोय, ते खरं," गीताबाई म्हणाल्या. "गहिनीनाथ मरून उठला, ते खरं. अन् बाई उभी राहिली की लगेच खोटं?"

"मेलो न्हवतो, नुसता पडलतो," गहिनीनाथ म्हणाला.

सुंदररावांनी हसत महारुद्रच्या खांद्यावर हात ठेवला. "महारुद्रा, तू शिकल्याला माणूस. पुढच्या महिन्यात गाळ्याचा करार हाय, तवा निवांत बसू आपण. आता जे खरं हाय तसं चालव."

महारुद्रनं फाशाकडं पाहिलं. घोड्यांची तहान याच माणसानं मोजायला लावली होती. मोजणं नको वाटलं ते खुर्चीपाशी येऊन.

"काका," तो म्हणाला, "घोडी तुमच्या म्हणण्यावरून मारली. आता खरं तेच चालवतो. ज्याच्यावरून भांडण लागलं त्याला फासा. दोघांनी टाकायचा."

"अन् मी न्हाई टाकला तर?"

"मग मावशी बिनविरोध."

गहिनीनाथ तोंडावर उपरणं धरून हसला. सुंदररावांनी फासा टाकला, चार पडले. गीताबाईंना सहा.

"दोघांचं बी काय खरं न्हाई," गीताबाई म्हणाल्या, "पर तुमचं जास्त न्हाई."

सुंदरराव अर्ध्या शटरखालून वाकून निघून गेले. करार झाला नाही. गाळा दुसऱ्याला गेला. "फाशापायी दुकान घालवलंस," गुंडप्पा म्हणाले, आणि महारुद्रनं किराणा घराच्या ओट्यावर मांडला.

सोसायटीची निवडणूक लागली तेव्हा गीताबाईंनी केजला जाऊन अर्ज भरला. चहाचं बोलावणं आलंच. त्या गेल्या, चहा प्यायल्या, बशी पालथी घातली आणि म्हणाल्या, "साखर जरा कमी हाय. अर्ज हाय तितंच हाय." मग चेअरमनला दारोदार हिंडावं लागलं. ऊन मी म्हणत होतं, आणि ज्या वस्तीवर त्यांची जीपसुद्धा कधी गेली नव्हती तिथं ते पायी गेले. गीताबाई पडल्या. सुंदरराव निवडून आले, पण या वेळी मोजून.

नंतरच्या एका रविवारी गीताबाईंच्या रिकाम्या गोठ्यात खेळ चालला होता. जनावरं चारा छावणीत होती. दाराशी सुंदरराव येऊन उभे राहिले.

"माझा सेनापती जिता हाय का?"

"हाय," महारुद्र म्हणाला. "विहिरीवर न्हाई."

"पुन्यांदा उभं राहता येतंय का?"

"येतंय की. फासा टाकावा लागतोय."

सुंदरराव जोडे काढून आत आले. गीताबाईंनी त्यांच्यासाठी पोतं सरकवलं.

तर हिशेब असा: दुकान महारुद्रचं गेलं. हार गीताबाईंनी पत्करली. त्या दिवशी हसल्यापायी टँकरच्या दोन खेपा गहिनीनाथच्या हातून काढून घेतल्या गेल्या. सुंदररावांच्या जोड्याचे तळ झिजले. त्या तिघांच्या तोट्यापुढं ही रक्कम किरकोळ, पण सुंदररावांकडून वसूल झालेली ती पहिलीच.