एकशे सतराची पिलं

स्ट्रॉबेरीचं नुसतं नाव काढलं तरी मला मळमळतं. सहा हिवाळे रोज सकाळी दीड-दोनशे फळं चावायची, चघळायची, थुंकायची आणि वहीत लिहायचं. आंबट. पाणचट. साबणासारखी. ओल्या पुठ्ठ्यासारखी. दुपारी भाकरी खाल्ली तरी जिभेवर तोच चिकट लाळेचा थर. बायको म्हणायची, लोकांना दारूची शिसारी येते, तुम्हाला फळाची आली.

हे खूळ भूषणशेठचं. शिरपूरच्या बाहेर त्यांची रोपवाटिका आहे. डोंगरावरच्या थंडीत येणारं फळ आपल्याकडच्या हिवाळ्यातही आलं पाहिजे, असं त्यांनी एका सहलीवरून परत येताना गाडीत ठरवलं. आपल्याकडचा हिवाळा म्हणजे पहाटे स्वेटर आणि दुपारी बत्तीस-तेहतीस. त्यात स्ट्रॉबेरी नुसती पानं काढते, फूल धरत नाही. मी चोपड्याकडचा, केळीवाल्यांच्या घरातला, शेतकी शिकलेला. त्यांनी मला धरलं. शेठला चवीचं काही पडलेलं नव्हतं. ते फळ अंगठ्यानं दाबून बघायचे आणि विचारायचे, "सुरतेपर्यंत टिकेल ना?" फळ दाबून परत झाडालाच लोंबकळत सोडायचे, वर बोट माझ्या टॉवेलला पुसायचे. त्या बोटाचीसुद्धा मला किळस यायची.

काम साधं आहे, पण जीव खातं. एका जातीच्या कळीतले परागकोश चिमट्यानं काढायचे, दुसरीचा पराग ब्रशनं लावायचा, फळ पिकलं की वरचं बी टोचून काढून पेरायचं. प्रत्येक बी वेगळं निघतं, एका आईची दहा लेकरं दहा तऱ्हेची असतात तशी. साडेनऊशे रोपं वाढवली. त्यातलं एकशे सतरा नंबरचं रोप डिसेंबरात तेहतीस डिग्रीला फुललं, आणि जानेवारीत मी त्याचं पहिलं फळ चावलं.

थुंकलो नाही. गिळलं. आणखी एक तोडून खाल्लं. सहा वर्षांत पहिल्यांदा.

आता पुढचं नीट समजून घ्या. या झाडाचं बी पेरून पुन्हा हेच झाड मिळत नाही. ते मिळतं फक्त त्याच्या धावत्या फांद्यांपासून. झाड जमिनीवर लांब दोरा सोडतं, दोऱ्याच्या टोकाला छोटं रोप, म्हणजे पिल्लू, धरतं, ते पिशवीतल्या मातीत मुळावलं की तीच जात हातात येते. एप्रिलच्या उन्हात आई-झाड वाचेल याची खात्री नव्हती. म्हणजे मार्चमध्ये ही पिलं मुळावली तर जात आहे, नाहीतर काही नाही.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात एकशे सतराला पाच पिलं आली. मी पाच पिशव्या भरून प्रत्येक पिल्लू मातीवर टेकवलं. आणि मग शहाणपणा केला. दोन वर्षांपूर्वी एक बरं रोप रातोरात चोरीला गेलं होतं, म्हणून मी एकशे सतराची पाटी उपटून खिशात घातली. सरीतलं सातवं झाड, एवढं मला माहीत होतं तेवढं पुरे. कोणालाच सांगितलं नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे.

दोन दिवस मला जळगावला जावं लागलं, मेहरूणला भाचीचा साखरपुडा होता. तिथून शेठना फोन केला की परवा या, झाड दाखवतो.

परत आलो तो सरळ सरीत गेलो. आधी वास आला. रॉकेलचा.

सातव्या झाडाची पाचही पिलं छाटलेली होती. पिशव्या रिकाम्या करून बांधावर रचून ठेवलेल्या. झाडाच्या मधल्या गड्ड्यावर, जिथून पानं फुटतात तिथे, तेलकट डाग, पानं कडेनं काळी पडलेली. बेबाबाई बाजूच्या सरीत खुरपत होती. साठीची बाई, आमच्याकडे येण्याआधी चाळीस वर्षं केळीच्या बागांत राबलेली. मला बघून खुश झाली.

"भाऊ, त्या झाडना पिलं काढी टाकात. पाच-पाच पिलं, माय पार दुबळी व्हई जायेल व्हती. वर दोन थेंब रॉकेल बी टाकं, आते परत येवाव नहीत."

केळीत असंच करतात. घड भरायचा तर बाजूची पिलं छाटायची आणि पुन्हा फुटू नयेत म्हणून कापावर रॉकेल सोडायचं. रेशनवर रॉकेल येणं बंद झालं, तरी तिनं एक बाटली जपून ठेवली होती. ती माझ्या झाडासाठी घरून आणली होती.

"आणि पिलं कुठायत?"

"बकरीले टाकात."

मी गड्डा पाण्यानं धुतला, माती उकरली, पुन्हा धुतला. पान हातात धरलं तर देठासकट गळून आलं. बोटांना बुळबुळीत काळं लागलं. मी बांधावर बसून ओकलो.

आणि तिनं चूक काय केली होती? नोव्हेंबरात, फळं पोसावीत म्हणून, मीच तिला शिकवलं होतं. दोरा दिसला की कापायचा, बाई, केळीची पिलं काढतो तसं. तेव्हा ते बरोबर होतं. मार्चमध्ये थांबायचं, हे सांगायला मी विसरलो. खरं तर विसरलोही नाही. मजूर बाईला कशाला सांगायचं, असं वाटलं होतं.

सकाळी अकराला शेठ आले. वाकून बघितलं, नाकाला रुमाल लावला.

"हे कोणी केलं?"

बेबाबाई खुरपं हातात घेऊन माझ्याकडे बघत होती. आता भाऊ सांगतील, असं तिच्या तोंडावर सरळ दिसत होतं.

"बेबाबाईनं," मी म्हणालो.

शेठ तिला काय काय बोलले ते लिहायची लाज वाटते. उद्यापासून येऊ नको म्हणाले. ती मधे फक्त एकदा बोलली, तेही माझ्याकडे बघून. "तुम्हीच सांगेल व्हतं ना भाऊ, पिलं दिसनात का काढी टाकानं." मी मान खाली घालून ओलं गवत उपटत राहिलो. तेव्हा मला एकशे सतराच्या काळ्या पानांपेक्षा माझीच जास्त घाण वाटली.

गाडी गेल्यावर तिनं खुरपं धुऊन खोलीत ठेवलं, डब्याची पिशवी उचलली आणि जाता जाता माझ्यापाशी थांबली. रागानं नाही. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"भाऊ, काय व्हतं त्या झाडमा?"

"काही नव्हतं," मी म्हणालो. "जा तू घरी."