सातवा नंबर

पुस्तकं बांधायच्या कारखान्यात थोरलीचा हात असा चालायचा की घडी पडलेली दिसायची, पडताना दिसायची नाही. छापून आलेला मोठा कागद, म्हणजे फर्मा, तीन घड्यांत पुस्तकाच्या मापाचा करायचा, एवढंच काम. शेजारी बसणारी धाकटी बहीण मात्र प्रत्येक कड दोनदा चाचपायची. दोघी एका आईच्या पोटच्या, कामालाही एकाच दिवशी लागलेल्या. पण हात काही कुणी सारखे वाटून देत नाही. थोरली वीस वर्षं आपले दहा-वीस फर्मे गुपचूप धाकटीच्या गठ्ठ्यात सरकवत आली होती. यात आपण फार मोठं काही करत नाही, असं ती स्वतःला सांगायची.

मग घडीचं यंत्र आलं. मुकादमाने बारा जणींना सांगितलं, महिन्याने परीक्षा. सगळ्यांना सारखा कागद, एक तास, त्यावरून कोण राहील ते ठरेल. माणूस सरळ होता, वशिल्याचं नाव काढलं तरी कपाळाला आठ्या. आजवर तो थोरलीच्या दिवसाच्या फर्म्यांचा आकडा बघायचा आणि त्यावरून बाकीच्यांनी किती करायचे ते ठरवायचा. थोरलीने त्यावरच भिस्त ठेवली: आपण हात आखडता घेतला की परीक्षेत लागणारा आकडा उतरेल आणि धाकटी तरून जाईल. धाकटी रोज संध्याकाळी रद्दीवर घड्या घालत बसायची, ते बघून थोरलीला हसूच यायचं.

परीक्षेत थोरलीने प्रत्येक कड दोनदा चाचपली. सावकाश काम करणं इतकं दमवणारं असतं, हे तिला ठाऊक नव्हतं. तास संपल्यावर मुकादमाने सांगितलं की पहिल्या सहाच जणी राहतील. सहावी धाकटी निघाली. सातवी थोरली.

राग यायला हवा होता, तो आला नाही. रडूही आलं नाही. तिने बोटांवरची कागदाची धूळ पुसली, मग पुन्हा एकदा पुसली.

मुकादमाने तिला बाजूला घेतलं. "बाई, तुमचा हात मला माहीत आहे. आज बरं नसेल. उद्या परत बसा, कुणी हरकत घेणार नाही."

"आणि सहावीचं काय?"

"ती सातवी होईल," तो सहज म्हणाला. त्याच्या बाजूने त्यात चूक काहीच नव्हती.

"नको. तास सगळ्यांना एकच होता. मलाही एकच."

घरी जाताना धाकटी दोन पावलं पुढे चालत होती. पाठमोरीच ती म्हणाली, "ताई, माझ्या गठ्ठ्यात तुझे फर्मे यायचे ते मला कळायचं. रोज वाटायचं, आज तरी घालू नकोस." कोपऱ्यावर ती थांबली आणि वळली. "तू मुद्दाम तर हात आवरला नाहीस ना?"

वीस वर्षांचं उत्तर द्यायचं होतं आणि थोरलीच्या आत काहीच हलत नव्हतं. दुसऱ्याच कुणाला विचारलं असावं, तसं तिला वाटलं.

"नाही," ती म्हणाली. "तू जलद होतीस."

धाकटीने तिच्याकडे जरा वेळ बघितलं. "मग आता घराचं मी बघेन," ती म्हणाली आणि तिने थोरलीच्या हातातली पिशवी घेतली. पिशवी रिकामीच होती. थोरलीने ती देऊन टाकली.