चोरांचं निमित्त

लाइनमन निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी गल्लीत सगळे त्यांना लाइनमनच म्हणत. टेलिफोनच्या तुटलेल्या तारा जोडायला ते उमेदीची सगळी वर्षं मोटरसायकलवरून हिंडले होते. बायको गेल्यावर घरात ते आणि लेक, दोघंच उरले. लेक चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करायची.

एका दुपारी दुकानात फोन आला. दाढीची ब्लेडं आणायला म्हणून निघालेले वडील पार शेजारच्या गावच्या पेट्रोल पंपावर सापडले होते. ती धावतपळत पोचली, तेव्हा ते गाडीवर बसूनच पंपावरच्या माणसाला विचारत होते, "अहो, कुठला खांब पडलाय तेवढं सांगा ना. मला उशीर होतोय."

घरी आल्यावर तिनं समजावून पाहिलं. "बाबा, आता गाडी चालवू नका."

"का? मला काय धाड भरलीये?"

तिनं किल्ली लपवली, तर त्यांनी घर डोक्यावर घेतलं आणि तांदळाच्या डब्यातून ती शोधूनही काढली. शेवटी जेवता जेवता ती म्हणाली, "आपल्याकडे गाड्या चोरीला जायला लागल्यात म्हणे. परवाच मागच्या गल्लीतून एक गेली. आपणही साखळी लावू या. आणि किल्ल्या माझ्याकडे राहू देत. तुमचा दुपारी डोळा लागतो, कोणी उशाखालून काढून नेल्या तर?"

थाप पचली. जरा जास्तच पचली. लाइनमननी स्वतः उभं राहून जिन्याखालच्या फरशीत लोखंडी कडी सिमेंटनं पक्की बसवून घेतली. कडीतून मागच्या चाकापर्यंत मनगटाएवढी साखळी, पुढच्या चाकाला निराळं कुलूप, वर ताडपत्री आणि ताडपत्रीवर रिकामे डबे. कोणी हात लावला की वाजले पाहिजेत! लेकीला आधी हसूच आलं. किल्ल्या तिच्या पर्समध्ये होत्या आणि वडील गाडी मागत नव्हते. कामावर असताना तिचा जीव टांगणीला लागेनासा झाला.

पण आता वडिलांचा जीव थाऱ्यावर नव्हता. त्यांनी खुर्चीच जिन्याखाली नेली. ताटही तिथंच हवं. दूधवाला आला की "कुठला तू? कोणी पाठवलं?" पार्सल आणणाऱ्याला तर त्यांनी पायताण दाखवलं. वाळून त्यांच्या अंगावरचे कपडे ढगळ दिसायला लागले.

"बाबा, चोर पकडले म्हणे," ती एकदा म्हणाली.

"एक टोळी पकडली असेल. दुसरी येईलच की. तू फार भोळी आहेस, बाई."

ती त्यांचं ताट उचलून आत गेली.

वरच्या मजल्यावरचा रंगारी आपली शिडी जिन्याखालीच ठेवायचा. एका संध्याकाळी तो कामावरून आला आणि शिडी आडवी करताना टोक ताडपत्रीला लागलं. डबे खणखणत खाली आले. खुर्चीत पेंगणारे लाइनमन दचकून उठले आणि मांडीवरचा लोखंडी पाना त्यांनी जोरानं हाणला.

लेक दारात पोचली तेव्हा रंगारी उजवा हात पोटाशी धरून पायरीवर बसला होता. त्याची बायको ओरडत होती, "अहो काका, रोज बघता ना यांना!"

"पकडला!" लाइनमन लेकीला म्हणाले. "म्हटलं नव्हतं मी?"

दवाखान्यात मनगटाचं हाड मोडल्याचं कळलं. प्लास्टर घालायला वेळ होता. बाकावर रंगाऱ्याशेजारी बसून लेकीनं सगळं सांगून टाकलं, की चोर कोणीच नव्हते, ती थाप तिची होती.

रंगाऱ्यानं दुखरा हात मांडीवर सरकवून घेतला. मग म्हणाला, "मला आधी सांगायचंत, ताई. मी शिडी वर नेली असती."

तिला मान वर करवेना.

घरी आली तर वडील अजून खुर्चीतच होते. ती समोर जमिनीवर बसली. "बाबा, चोर नाहीत. कधीच नव्हते. तुम्ही गाडी घेऊन जाऊ नये म्हणून मी तसं म्हणाले."

"मग सरळ सांगायचं."

"सांगितलं होतं. कितीदा तरी."

"मी काय म्हणालो?"

"मला काय धाड भरलीये, म्हणालात."

त्यांना हसू आलं, आणि लगेच चेहरा उतरला. "मी त्या रंगाऱ्याला मारलं?"

"हो."

"फार लागलं?"

"हाड मोडलं, बाबा."

ते आपल्या हातांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "गॅरेजवाल्याला फोन कर. गाडी घेऊन जा म्हणावं."

"उद्या बघू ना."

"उद्या मी ऐकायचो नाही. आत्ता कळतंय तोवर बोलव."

गॅरेजवाला आला. लाइनमननी किल्ल्या मागून घेतल्या, साखळी आपल्या हातानं सोडवली आणि गाडी फाटकापर्यंत ढकलत नेली. "क्लच जरा घट्ट आहे, सांभाळून," एवढंच बोलले.

सकाळी त्यांच्या ओरडण्यानं तिला जाग आली. "गाडी नेली! अगं, नेली गाडी!"

ती धावत खाली गेली. "तुम्हीच दिलीत, बाबा. काल, गॅरेजवाल्याला."

"मी?"

"तुम्हीच."

"असं होय. मला वाटलं, चोरीला गेली."

तेवढ्यात गळ्यात हात अडकवलेला रंगारी जिना उतरून आला. लाइनमननी काळजीनं विचारलं, "अरे, हाताला काय झालं तुझ्या?"

रंगाऱ्यानं एकवार लेकीकडे पाहिलं. "पडलो, काका."

"शिडी नीट टेकवत जा रे. आमच्या खात्यातही पोरं खांबावरून अशीच पडायची."

हात बरा होईपर्यंत लेक रोज रंगाऱ्याकडे डबा नेऊन देत होती. रंगाऱ्याची बायको डबा घ्यायची, पण तिच्याशी अवाक्षर बोलायची नाही. आणि वडील रोज सकाळी गाडीचं विचारायचे. कधी तिच्या उत्तरानं त्यांचं समाधान व्हायचं. कधी तिच्याकडे टक लावून पाहत ते म्हणायचे, "खोटं बोलतेस तू."