जाड तार

मित्रांनो, गल्लीच्या तोंडाशी दोन खांबांवर बसलेला जुना ट्रान्सफॉर्मर म्हणजे मी. तुम्ही मला डीपी म्हणता.

तांब्याच्या तारेचे वेढे घालून, तेलात बुडवून मला घडवले, तेव्हा माझ्या वाट्याला साठ घरे होती. पुढे घरांवर मजले चढले, खोल्याखोल्यांत एसी आले, पिठाची चक्की आली. माझी ताकद मात्र तेवढीच राहिली. उन्हाळ्यात माझे तेल उकळायला यायचे.

आमचे वायरमन तात्या दर महिन्याला येत. भार मोजत, खालच्या पेटीतले फ्यूज तपासत. "दीडपट झालाय. दुसरा डीपी बसवून निम्मी घरं त्याच्यावर टाकायला हवीत," असे त्यांनी तीनदा कार्यालयाला लिहून दिले. उत्तर आले नाही.

फ्यूज रोज उडू लागला. चक्कीवाला चिडला. लोक तात्यांना घरी जाऊन वाटेल ते बोलले. एका दुपारी चक्कीवाला जाड तार घेऊनच आला.

"ही घाला तात्या. रोजची कटकट नको."

"अरे, फ्यूज जळतो म्हणून आपण वाचतो."

"दुसरा डीपी येईपर्यंतच. दोन दिवसांचा तर प्रश्न."

तात्या दमले होते. त्यांनी ती तार बसवली. गल्लीत शांतता झाली आणि कार्यालयाला कुणी पुन्हा विचारलेही नाही. दोन दिवसांचे चार महिने झाले.

चक्कीशेजारी चक्कीवाल्याच्या वहिनीचे इस्त्रीचे पत्र्याचे दुकान होते. माझ्यापासून निघालेली तार तापून तापून सैल पडली होती. एका दुपारी ती तुटली आणि त्या पत्र्यावर पडली. वहिनींचा हात दाराच्या लोखंडी चौकटीवर होता. खरा फ्यूज असता तर लगेच वितळला असता. जाड तार वितळली नाही आणि मी वीज देत राहिलो. मित्रांनो, मला स्वतःहून थांबता येत नाही.

चक्कीवाल्याने सुक्या बांबूने तार बाजूला केली. तोवर उशीर झाला होता.

तात्या धावत आले. वीज बंद करून त्यांनी पेटी उघडली, जाड तार काढली आणि कार्यालयातून आलेल्या साहेबांच्या हातात दिली. "ही मी बसवली," ते म्हणाले.

"मी आणून दिली होती," चक्कीवाला म्हणाला. पण ते कुणी लिहून घेतले नाही. तात्यांची नोकरी गेली.

आठव्या दिवशी दुसरा ट्रान्सफॉर्मर आला. निम्मी घरे त्याच्याकडे गेली. आता माझे तेल गार असते. इस्त्रीचे दुकान बंद आहे.

मित्रांनो, फ्यूज पुन्हा पुन्हा उडू लागला तर चिडू नका. तो का उडतो ते विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा. परवा फ्यूज उडाला, तेव्हा गर्दीतला एकजण म्हणाला, "जाड तार टाका की."

चक्कीवाला माझ्या पेटीला पाठ लावून उभा राहिला आणि नवा वायरमन येईपर्यंत तिथून हलला नाही.